वाशिष्ठीच्या खाडीत पाण्याचं तापमान: एकाच जागी दोन आकडे, धरायचा कुठला?

कांदळकाठ:
गोवळकोट आणि दाभोळ यांच्या मधल्या टप्प्यात आमच्या गटाचे जिताडा माशाचे पिंजरे आहेत. जाळं पाण्याखाली दोन मीटर, सुकतीला (पूर्ण ओहोटीला) खाली साधारण साडेचार मीटर पाणी उरतं. रोज सकाळी ७ आणि दुपारी २ ला बादलीने पाणी काढून काचेच्या थर्मामीटरने तापमान घेतो आणि वहीत लिहितो. मागच्या आठवड्यात दुपारी ३२ अंश आलं, या आठवड्यात दुपारीच २९.५. हवा तीच, ऊन तेच. काल सकाळी तर वर २८ आणि जाळ्याच्या तळाशी ३०. थंड पाणी खाली बसतं असं शाळेत शिकलोय, मग हे उलटं कसं? थर्मामीटर बिघडला की मोजण्यात चूक होते आहे? खाद्य किती टाकायचं ते याच आकड्यावर ठरवतो, म्हणून विचारतोय.

उधाण_भांग:
थर्मामीटर बहुधा ठीक आहे. घड्याळाची वेळ एकच ठेवली, पण पाणी एकच नव्हतं.

तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीच्या मुखाशी यात थोडा फरक पडतो, आणि तुमच्याकडे आत येईपर्यंत भरती आणखी उशिरा पोचते. आता वही काढून बघा. अष्टमीच्या सुमारास भर दुपारी सुकती असते. दोन वाजता तुम्ही मोजलंत ते कांदळवनाच्या चिखलावरून, उथळ पाणथळीवरून तापून खाली आलेलं पाणी. अमावास्येला त्याच वेळी भरती नुकतीच भरून गेलेली असते, म्हणजे पिंजऱ्याशी समुद्राचं पाणी. ३२ आणि २९.५ मधला फरक उन्हाचा नाही, तिथीचा आहे.

म्हणून नोंद घड्याळावर न बांधता पाण्यावर बांधा. भरती भरून पाणी थांबलं की एक, सुकती संपून थांबलं की एक. रोज ती वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकेल, सरकू द्या. मुखाच्या मानाने तुमच्याकडे किती उशीर होतो ते पुस्तकात शोधू नका. खुणा केलेला एक बांबू चिखलात रोवा, दर दहा मिनिटांनी पातळी लिहा, उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) एकदा आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) एकदा. दोन दिवसांचं काम आहे, पण पुढची सगळी वही त्यावर उभी राहते.

वर थंड आणि खाली गरम याचं कारण मीठ. एक पीपीटी (हजार भाग पाण्यात एक भाग) मीठ पाण्याला जेवढं जड करतं, तेवढं जड व्हायला तेच पाणी जवळपास अडीच अंश थंड व्हावं लागतं. वरचा थर गोडसर असेल तर दोन अंश थंड असूनही तो वरच तरंगतो.

आणि वाशिष्ठीला मे महिन्यातही गोडं पाणी येतं, हे कोकणातल्या बाकीच्या खाड्यांपेक्षा वेगळं आहे. कोयनेचं वीजनिर्मितीतून सुटणारं अवजल कोळकेवाडीमार्गे चिपळूणकडे उतरतं. पश्चिमेकडे वळवायला मंजूर असलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. जलाशयाच्या खालच्या थरातून आलेलं हे पाणी उन्हाळ्यात खाडीपेक्षा थंड असतं. विजेची मागणी वाढली की ते जास्त सुटतं, म्हणून त्याचा लोंढा रोज सारखा नसतो.

इथे लोकांचा नेहमी एक घोळ होतो. कोयना धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की खाडीकाठी धावपळ सुरू होते. दरवाजांतून सुटलेलं पाणी कराडकडे, कृष्णेत जातं. आपल्याकडे येतं ते अवजल आणि घाटाच्या पश्चिम उतारावरचा पाऊस.

शिसं_आणि_दोरी:
वरचं सगळं बरोबर, पण बादलीने दोन मीटर खालचं पाणी येत नाही. बादली वर येताना वाटेतलं पाणी मिसळून घेते. काचेचा थर्मामीटर दोरीने खाली सोडला तरी तो वर ओढेस्तोवर आकडा बदलतो.

स्वस्तातला उपाय म्हणजे डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या टोपणातला, पाच मीटर केबलचा. अचूकता अर्धा अंश आहे, या कामाला पुरेशी. टोकापासून वीतभर वर अर्धा किलो शिसं बांधा आणि केबलवर दर अर्ध्या मीटरला रंगीत दोरा गुंडाळा. प्रवाह असताना केबल तिरकी होते आणि खोली फसवते: चार मीटर केबल सोडलीत आणि ती ३० अंश कलली, तर सेन्सर साडेतीन मीटरच्याही जरा वरच असतो. पाणी थांबल्यावर मोजायचं, त्याचं हेही एक कारण. खाली सोडल्यावर दोन मिनिटं थांबून मगच आकडा घ्या.

तपासणी महिन्यातून एकदा. बर्फ बारीक कुटून ग्लास काठोकाठ भरा, फटी भरतील एवढंच थंड पाणी घाला, सेन्सर मधोमध धरून पाच मिनिटं ढवळा. शून्य यायला हवं. ०.४ आलं तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक आकड्यातून वजा करा. पाणी जास्त आणि बर्फाचे खडे वर तरंगत असले की दीड-दोन अंश दिसतात आणि लोक चांगला सेन्सर फेकून देतात.

मिठासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण. आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा, नळाच्या पाण्याने नाही. खालचं पाणी आणायला जाड काचेची बाटली, तळाला वजन, बुचाला वेगळी दोरी. ठरल्या खोलीवर गेली की बुचाच्या दोरीला झटका द्यायचा, बुडबुडे थांबले की वर ओढायची.

कांदळकाठ:
दोघांचेही आभार. रिफ्रॅक्टोमीटर शेजारच्या गटाकडून आणला. आज भरतीला वर ६ पीपीटी, दोन मीटरवर १७. म्हणजे थर होताच. आता दोन प्रश्न. खाद्याचा निर्णय कुठल्या आकड्यावर घ्यायचा? आणि पाऊस सुरू झाल्यावर काय बघायचं?

जाळंवाली:
खाद्यासाठी जाळ्याच्या मध्यावरचा, म्हणजे तुमच्याकडे एक मीटरवरचा आकडा धरा. जिताड्याला २६ ते ३२ मानवतं. २४ च्या खाली भूक कमी होते. जानेवारीत पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा सुटतो तेव्हा वरचं पाणी तेवढं थंड होऊ शकतं. अशा सकाळी खाद्य निम्मं करा आणि उन्हं चढल्यावर टाका.

पण माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात तापमानापेक्षा विरघळलेला ऑक्सिजन आधी बघा. ३० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर ७.५ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास. ऑक्सिजन मोजायच्या मीटरमध्ये क्षारतेचा आकडा भरला नाही तर तो गोड्या पाण्याचा हिशेब लावतो आणि जास्त दाखवतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर उधाणाची पहाट. रात्रभर सगळ्या जिवांनी ऑक्सिजन वापरलेला असतो, आणि पौर्णिमा-अमावास्येला सुकतीही नेमकी पहाटेच्या सुमारास येते. कांदळवनातलं कुजक्या पाल्याचं तपकिरी पाणी त्या वेळी पिंजऱ्यावरून उतरत असतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर उशीर झालेला आहे. ४ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की खाद्य बंद, कारण खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो. भरती चढू लागली की दोन तासांनी खाद्य सुरू करा. जाळ्यावर शेवाळ साचलं असेल तर बाहेर ५ आणि आत ३ असं होतं, म्हणून मोजणी जाळ्याच्या आतच करा.

पावसाचं असं: पहिली जोराची सर आली की तापमान दोन-तीन अंश उतरतं, ते मासे सोसतात. त्रास होतो तो चार महिन्यांचा कचरा आणि गाळ एकदम खाडीत येतो त्याचा. मृगाचा अंदाज लागला की आदल्या दिवशीच खाद्य थांबवा, जाळी धुऊन घ्या. नंतर रोज क्षारता बघा. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो, पण एका दिवसात १७ वरून २ वर आलं तर तीन दिवस त्याला हात लावू नका: आकारानुसार प्रतवारी नाही, पिंजरा बदलणं नाही. शेजारी दोरावर वाढवलेले शिनाणे (शिंपले) असतील तर गोडं पाणी आठवडाभर टिकल्यावर ते मरतात, ते पावसाआधीच काढा.

पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याचा पावसाचा दिवस तिथेच संपतो. तुमची नोंद त्यांच्या आकड्यांशी जुळवता येईल. पिंजऱ्यावर किती पडला यापेक्षा घाटाखाली किती पडला ते बघा. तिकडे ११५.६ मिमीच्या वर, म्हणजे अतिजोरदार पाऊस झाला आणि पुढे उधाणाची सुकती असेल तर नांगराच्या दोरांवर सर्वाधिक ताण तेव्हा येतो. दोर नांगराच्या बाजूला नाही, चौकटीच्या कड्यात घासून तुटतो. तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा.

उधाण_भांग:
एक भर. वाऱ्याची दिशाही लिहा. दुपारी खारा (समुद्राकडून येणारा) वारा जोरात सुटला की थर ढवळले जातात आणि वर-खाली क्षारता जवळ येते. वारा पडला की परत थर बसतात. ताईंनी सांगितलेली उधाणाची पहाट वारा पडलेला असताना आली, तर त्या दिवशी पहाटे चारलाच मोजा.

शिसं_आणि_दोरी:
मोजणी तराफ्यावरून करा, चिखलात उतरून नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि सुकतीला त्या काठालाच असतात. मे अखेरीस संध्याकाळी विजांचं बघा, मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आकडा राहिला तरी चालेल, होडी काठाला लावा. वहीत त्या जागी रेघ मारा, अंदाजाने आकडा भरू नका.