लांबचा हनिमून: थोडी वाळू, थोडी वणवण (अनुभव लिहा)

लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. बाकी सगळं ठरलंय, हनिमून तेवढा तीन महिने अडकलाय. कारण अगदी साधं. त्याला किनाऱ्यावर आडवं पडून पुस्तक वाचायचंय. मला अर्ध्या तासात वाळू टोचायला लागते. मला जुनी शहरं हवीत, देवळं हवीत, जंगल हवंय, जमलं तर एखादा ज्वालामुखीही. सुट्टी दोन आठवड्यांची आहे आणि एवढी सलग सुट्टी पुन्हा केव्हा मिळेल कोण जाणे, त्यामुळे जायचं तर लांब जायचं, एवढ्या एका मुद्द्यावर एकमत आहे.

म्हणून हा धागा. एकाच प्रवासात समुद्र आणि भटकंती दोन्ही केलेल्यांनी कृपया लिहा. माहितीपत्रकातलं नको, ते पाठ झालंय. काय फसलं, आधी काय केलं आणि नंतर काय, आज पुन्हा गेलात तर काय वगळाल, हे सांगा. भांडणं झाली असतील तर तीही चालतील.

*

टांझानिया. आधी सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो, मग झांझिबार. पाच रात्री जंगल, सहा रात्री समुद्र.

सफारी म्हणजे आराम नव्हे, हे आधीच सांगते. पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर जीपमध्ये हादरे खायचे, संध्याकाळी नाका-कानातून धूळ काढायची. न्गोरोंगोरोच्या काठावर रात्री दात वाजत होते आणि आम्ही दोघांत मिळून एक स्वेटर नेलेला. पण सकाळी त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या वाटीत सहाशे मीटर खाली उतरलो आणि सगळं विसरलो. गेंडाही पाहिला. म्हणजे लांबवर एक करडा खडक होता, वाटाड्या म्हणाला तो गेंडा आहे, आम्ही मानलं.

आता आमची चूक. सेरेंगेटीतून थेट झांझिबारला छोट्या विमानाने जायचं होतं. त्यात माणशी १५ किलो सामान आणि तेही मऊ पिशवीत, कारण सामान ठेवायची जागा अगदी चिंचोळी असते. आमची चाकांची कडक बॅग, सफारी जिथून सुरू झाली त्या अरुशा शहराच्या हॉटेलात ठेवावी लागली. समुद्राचे सगळे कपडे तिच्यात. झांझिबारला सहा दिवस मी खाकी पँट आणि बाजारात घेतलेल्या दोन कांगांवर (अंगाभोवती गुंडाळायचं तिथलं कापड) काढले. फोटो छान आलेत, ते वेगळं.

दुसरी गोष्ट ओहोटीची. आम्ही पूर्व किनाऱ्यावर, पाजेला राहिलो. फोटोत दारासमोर निळं पाणी. आम्ही दुपारी पोचलो तर समुद्र जागेवरच नव्हता! पाणी पार प्रवाळाच्या रेषेपर्यंत मागे गेलेलं आणि मधल्या ओल्या वाळूत बायका काठ्या रोवून समुद्री शेवाळाची शेती करत होत्या. नवरा पहिल्या दिवशी तोंड पाडून बसला. दिवसभर केव्हाही पोहायचं असेल तर उत्तरेला नुंगवी किंवा केंडवा बघा, तिथे ओहोटीचा त्रास बराच कमी.

मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा जाऊ नका. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघायच्या बऱ्याच आधी विचारा, काही गोळ्या प्रवासाआधीच सुरू कराव्या लागतात. आणि स्टोन टाउनसाठी, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरासाठी, निदान एक पूर्ण दिवस ठेवा. आम्ही अर्धाच ठेवला. त्या गल्ल्यांत हरवण्यातच दोन तास गेले आणि गुलामांचा जुना बाजार बघायचा राहून गेला.

*

आधी जंगल मग समुद्र, हे बहुतेक जण सांगतात. मी उलटं सांगतो. लग्नानंतर आमच्या अंगात त्राणच नव्हतं. पहिले चार दिवस मॉरिशसला आम्ही नुसते झोपलो. खरंच झोपलो, बायकोला तर ताप होता. त्या अवस्थेत मला कुणी पहाटे पाचला जीपमध्ये बसवलं असतं तर लग्नच मोडलं असतं.

पाचव्या दिवशी माणसात आलो. मग ल मॉर्नच्या डोंगरावर गेलो. पळून आलेले गुलाम इथे लपून राहायचे, म्हणून त्याला जागतिक वारशाचा दर्जा आहे. शेवटचा टप्पा हात टेकवत चढावा लागतो. त्यानंतर जोहान्सबर्गमार्गे केपटाउन, सहा रात्री. नोव्हेंबर होता. केपचा पाऊस त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि मॉरिशसची वादळं मुख्यतः जानेवारी ते मार्च. त्यामुळे दोन्हीकडे बरं हवामान सापडलं.

केपटाउनला समुद्र बघायचा, त्यात शिरायचं नाही. कॅम्प्स बे इतका देखणा की बायको धावत पाण्यात गेली आणि त्याहून जास्त वेगाने बाहेर आली. दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह आहे तो. जवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर पेंग्विन हौसेने राहतात, यावरून काय ते समजा. टेबल माउंटनचा रोपवे वाऱ्यामुळे वारंवार बंद असतो, त्यामुळे पहिला स्वच्छ दिवस दिसला की हातातलं टाकून वर जा. आम्ही ‘उद्या जाऊ’ म्हणालो आणि तीन दिवस खालून ढगांचा टेबलक्लॉथ बघत बसलो. चौथ्या दिवशी जमलं. चॅपमन्स पीकचा रस्ता मात्र चुकवू नका, नऊ किलोमीटरमध्ये ११४ वळणं आहेत. गाडी मी चालवली, त्यामुळे दृश्याबद्दल बायकोला विचारा.

*

ठिकाणाचं नंतर बघा. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं. आमच्या तिकिटावर नवं नाव, पासपोर्टवर जुनं. पहिला अर्धा दिवस विमानतळाच्या काउंटरसमोर गेला. एवढंच सांगायचं होतं.

*

मेक्सिकोचं युकातान द्वीपकल्प. मला वाटतं धागाकर्तीला हवंय ते नेमकं हेच: तुलुमला माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष थेट समुद्राच्या कड्यावर उभे आहेत. वर दगड, खाली पाणी, मध्ये पायऱ्या.

पण आम्ही गेलो मे महिन्यात आणि किनाऱ्यावर सार्गासम आलं होतं. तपकिरी समुद्री शेवाळाचे ढीग. सडायला लागले की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हॉटेलवाले रोज सकाळी ट्रॅक्टर फिरवायचे, दुपारपर्यंत पुन्हा तेवढंच. साधारण वसंतापासून उन्हाळाभर हा त्रास असतो, कमी-जास्त होतो. त्यापुढे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. म्हणजे तिथल्या समुद्रासाठी खरा काळ डिसेंबर ते मार्च.

आम्हाला सेनोतेंनी वाचवलं. चुनखडीचं छत कोसळून तयार झालेले गोड्या पाण्याचे डोह असतात हे. काही उघडे, काही गुहेत. पाणी इतकं नितळ की तळाची झाडाची फांदी हाताला लागेल असं वाटतं. उतरायच्या आधी अंगावरचं सनस्क्रीन धुवायला लावतात, ते बरोबरच आहे.

आणि एक गंमत. चिचेन इत्साला, माया लोकांच्याच दुसऱ्या जुन्या शहराला, गर्दीच्या आधी पोचायचं म्हणून तुलुमहून पहाटे निघालो. बरोबर आठला दारात. दार बंद. पहारेकरी घड्याळ दाखवतोय. तुलुम आणि कानकून किन्ताना रो राज्यात, चिचेन इत्सा युकातान राज्यात, आणि दोन्हींच्या घड्याळांत एक तासाचा फरक! तिथे सात वाजले होते. एक तास फुटपाथवर बसलो, पण आत सगळ्यांत आधी आम्ही दोघं. त्या पिरॅमिडसमोर दहा मिनिटं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. चार बाजूंच्या ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५ होतात हे बायको मोजायला निघाली होती, पण वर चढू देत नाहीत. परतीला तोच तास आमच्याकडून वसूल झाला आणि संध्याकाळची बोट चुकली. यावरून मात्र खरंच भांडलो.

*

आम्ही ‘सगळं थोडं थोडं’ केलं. बारा दिवसांत तीन देश, सात विमानं. सिंगापूर, बाली, थायलंडची दोन बेटं. नऊ वर्षं झाली. आज विचाराल तर विमानतळावरच्या खुर्च्या जास्त आठवतात. मुक्काम हलवायचा दिवस म्हणजे गेलेला दिवस: बॅग भरा, खोली सोडा, वाट बघा, उडा, पुन्हा खोलीची वाट बघा. बालीत उबुदला फक्त दोन रात्री होतो आणि त्याच तेवढ्या अजून लख्ख आहेत, कारण दुसऱ्या दिवशी पावसाने सगळे बेत रद्द केले आणि आम्ही भातशेतीच्या पायऱ्यांकडे बघत ओसरीवर बसलो.

*

बालीचा विषय निघालाच आहे तर: न्येपीची तारीख बघून घ्या. बहुतेक मार्चमध्ये येतो, त्यांचा नववर्षाचा मौनदिवस. चोवीस तास सगळं बंद, विमानतळसुद्धा. पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही, दिवे मंद ठेवायचे. आम्हाला हे तिकीट काढल्यावर कळलं आणि एक अख्खा दिवस बुडाला म्हणून मी चरफडत होते. रात्री अंगणात आलो तर सगळं बेट काळोखात आणि डोक्यावर आकाशगंगा. रस्त्यावर एक मोटरसायकल नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या, म्हणजे राक्षसांच्या पुतळ्यांच्या, प्रचंड मिरवणुका होत्या त्याच रस्त्यावर.

*

मध्य व्हिएतनामला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाऊ नका. होइ आन फार सुंदर आहे. आम्ही ते होडीतून पाहिलं. नदीत नव्हे, बाजारपेठेच्या रस्त्यावर.

*

इजिप्त कुणीच कसं सुचवलं नाही? अस्वान ते लुक्सर नाईलवर चार रात्री, मग लुक्सरहून गाडीने साधारण चार तासांत हुरघादा, तांबडा समुद्र. मध्ये विमान नाही, सामानाची कटकट नाही.

अबू सिम्बेलसाठी अस्वानहून अंधारात निघावं लागतं, जाऊन-येऊन दिवस जातो. मी कुरकुरत गेलो. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये अख्खं देऊळ कापून, तुकड्या-तुकड्यांनी साठ-पासष्ट मीटर वर आणून पुन्हा जोडलंय, हे वाचून गेलो होतो. समोर उभा राहून सांधे शोधत बसलो. फारसे सापडले नाहीत. बायको म्हणाली, हनिमूनला आलेला माणूस देवळाच्या भिंतीला नाक लावून उभा आहे.

आम्ही डिसेंबरात गेलो. देवळांना ऊन छान, समुद्रावर वारा बोचरा, पाणी गारसर. उलट मे-जूनमध्ये पाणी उत्तम आणि लुक्सर चाळिशीच्या वर भाजतं. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला मार्ग. आणि जाड तळव्याचे पाण्यातले बूट न्या, कारण प्रवाळ बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यालाच लागून आहे. तेच तिथलं सुख: बोटीची वाट न बघता गुडघाभर पाण्यात तोंड खाली घातलं की रंगीत मासे.

*

हवाईला माउईमध्ये आम्ही एकाच दिवशी सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी हालेआकाला डोंगरावरून सूर्यास्त ठरवला होता. कागदावर काय सुरेख दिवस! डायव्हिंगवाल्या बाईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पाण्याखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो, लगेच उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. विमानासाठी १८ ते २४ तास थांबायला सांगतात हे माहीत होतं, पण ३,०५५ मीटरच्या डोंगराला तोच न्याय लागतो हे डोक्यातच आलं नव्हतं. डोंगर आधी, पाणी नंतर करा आणि परतीच्या विमानाआधीचा दिवस कोरडा ठेवा. सूर्योदयाला जायचं तर आधी आरक्षण लागतं.

*

लांब म्हणजे किती लांब, हे तुम्ही कुठून निघता त्यावर आहे. पण देश लहान असला की दोन्ही हौशी भागतात. आम्ही श्रीलंकेला ऑगस्टमध्ये गेलो. सगळे म्हणाले, पावसाळा आहे, वेडे आहात का. पावसाळा होता, पण नैऋत्य किनाऱ्यावर. पूर्वेला त्रिंकोमाली कोरडं ठणठणीत आणि समुद्र तळ्यासारखा. त्या बेटाला दोन मोसमी पाऊस आहेत, एका बाजूला तो असला की दुसरी बाजू बहुतेक मोकळी. वाटेत सिगिरियाचा कातळ चढलो, पाचव्या शतकात कश्यप राजाने ज्याच्या माथ्यावर महाल बांधला तो. भर दुपारी चढायची चूक केली. मधमाश्यांची मोठमोठी पोळी आहेत तिथे, आणि शांत राहा अशा पाट्या. ही धापा टाकत म्हणाली, बोलायला श्वास आहे कुठे.

*

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचे मनापासून आभार. त्याने सगळं वाचलं. दोनदा.

तारीख फेब्रुवारीची असल्यामुळे बरीचशी यादी आपोआप गळली. युकातान आणि टांझानिया उरले. मग कुठेतरी वाचलं की फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या बाजूला, वाइल्डबीस्टची वासरं जन्मतात, हजारोंनी. तिथेच माझं ठरलं. त्याची एक अट होती: पहिले तीन दिवस अरुशाजवळ काहीही न करता काढायचे, पहाटेची जीप नाही. मान्य केलं. (ताप आलेल्या ताईंना नमस्कार सांगा.) मऊ पिशव्या आणल्या आहेत, स्वेटर दोन.

झांझिबारला नुंगवी न घेता मुद्दाम पाजेच घेतलं. भरती-ओहोटीचं त्या आठवड्याचं वेळापत्रक काढून फ्रिजला लावलंय. पाणी असेल तेव्हा तो पोहेल. समुद्र मागे गेला की तो काठावर पुस्तक घेऊन आडवा होईल आणि मी प्रवाळाच्या रेषेकडे चालायला लागेन.