विषय: दोन बाटल्या कुठे ठेवू? (तातडीचं)

अण्णा, मुक्काम अमळनेर

सगळ्यांना राम राम. बठ्ठं बरं शे ना?

परदेशातून गावी परत निघालो तेव्हा निरोपाच्या दिवशी आपल्या तिथल्या मंडळाने दिलेल्या दोन्ही रेड वाइन इथे शोकेसमध्ये उभ्या ठेवल्या होत्या. आज धूळ पुसताना पाहिलं, तर एकीचं बूच तांदळाच्या दाण्याएवढं वर आलंय आणि वेष्टनाखालून लेबलपर्यंत एक जांभळा, चिकट ओघळ वाळलाय. दुसरी वरून तरी ठीक दिसते. बाहेर ४४ अंश. दिवाणखान्यातला तापमापक दुपारी ३८ दाखवतो, रात्रीही ३३च्या खाली येत नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई आले तेव्हापासून फ्रिजमध्ये आमरसाची पातेली आहेत. शिवाय देवाच्या नैवेद्याचं दूधही तिथेच असतं, म्हणून बाटल्या तिथे ठेवायला सौ.ची तयारी नाही आणि तिचं मला पटतं. डिसेंबरमध्ये तुम्ही सगळे याल तेव्हाच उघडायच्या असं ठरलंय. तोवर काय करू? माजघराखाली आजोबांच्या वेळचं धान्याचं तळघर आहे. तिथे आडव्या ठेवल्या तर चालेल? आजच सांगा.

आप्पा (चोपडा)

अण्णा, शोकेसमधून आत्ताच्या आत्ता काढा. उष्णतेने आतली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. रात्री थोडं गार झालं की तीच बाटली बाहेरची हवा आत ओढते. रोज हेच चाललं तर वाइन टिकत नाही.

तळघर उत्तम. वाइनला १२-१३ अंश लागतात, अंधार लागतो, ६०-७० टक्के दमटपणा लागतो आणि हलवाहलव नको. आडवी ठेवायची म्हणजे बूच आतून ओलं राहतं. माझ्या इथल्या, परदेशातल्या तळघरात मी १२ वर्षं असंच ठेवतोय, दिवाळीच्या टेस्टिंगला तुम्ही सगळ्यांनी प्यायलंच आहे. बाटल्या देताना मी हे सांगितलंही होतं, पण तेव्हा सगळे फोटो काढण्यात होते.

जिभाऊ (धुळे)

आप्पा, तुमच्या बाकीच्या म्हणण्याला माझी हरकत नाही, पण तळघराचं खानदेशात लागू होत नाही. माझं सगळं आयुष्य एसी आणि कोल्ड स्टोरेजच्या कामात गेलं, म्हणून बोलतो. जमिनीत खोल गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं. पॅरिसच्या वेधशाळेखालचं तळघर २८ मीटर खोल आहे, तिथे बाराही महिने साधारण १२ अंश असतात. फ्रान्समधली तळघरं गार राहतात ती त्यामुळे. आपल्याकडची सरासरीच २६-२७. अण्णांचं तळघर फार तर दीड पुरुष खोल असेल, म्हणजे मे महिन्यात तिथे ३० धरा. शोकेसपेक्षा नक्कीच बरं, कारण दिवस-रात्रीचा चढउतार लागत नाही. आज रात्रीपुरत्या तिथेच न्या. पण डिसेंबरपर्यंत नको.

अक्का (भुसावळ)

माठ विसरलात का रे सगळे? आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा घरात फ्रिज नव्हता. वडील ड्यूटीवरून दुपारी दोनला यायचे. आई मोठ्या परातीत ओली वाळू घालून त्यात रांजण ठेवायची, वर ओलं गोणपाट. त्यातलं ताक असं गार असायचं की वडील पेला कपाळाला लावून बसायचे. खिडकीला वाळ्याचा पडदा असायचा. अण्णा, रिकाम्या माठात बाटल्या आडव्या ठेवून माठ ओल्या वाळूत ठेवा. वीज गेली तरी काही अडत नाही.

जिभाऊ (धुळे)

अक्का, तुमचं बरोबर आहे, मे महिन्यापुरतं. हवा कोरडी असते तोवर माठ २३-२४ अंशांपर्यंत उतरवू शकतो. पण मृग लागला, हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि माठ गार होत नाही. पुढचे चार महिने काय करायचं? शिवाय ओल्या गोणपाटाने लेबल सुटून येईल आणि त्याच्यावर आपल्या सगळ्यांच्या सह्या आहेत.

अक्का (भुसावळ)

लेबलला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. माठ काय असतो ते मला माहीत आहे.

पारोळेकर

माझ्या चुलतभावाने नाशिकहून वाइनचा छोटा फ्रिज आणलाय, १२ बाटल्यांचा. अजिबात आवाज नाही. अण्णांनी असाच का घेऊ नये? मंडळाच्या वतीने वर्गणी काढू.

जिभाऊ (धुळे)

आवाज नाही म्हणजे त्याला कंप्रेसर नाही. तो बिनकंप्रेसरचा प्रकार खोलीच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंशच खाली जातो. ३८च्या खोलीत १८ ते २३च्या मध्येच अडकेल आणि दिवसरात्र चालत राहील. घ्यायचाच तर कंप्रेसरवाला घ्या आणि पाठीमागे क्लायमेट क्लास 'टी' लिहिलाय का ते पाहा. ते यंत्र ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेलं असतं. 'एन' लिहिलेलं ३२पर्यंतच. ते खानदेशात कोणीही घेऊ नये.

चिटणीस

वर्गणीचा विषय कार्यकारिणीसमोर आल्याशिवाय कृपया या ई-मेल लिस्टवर चालवू नये. बाटल्या द्यायचं कार्यकारिणीत ठरलं तेव्हा मी शाल-श्रीफळ सुचवलं होतं, ते इतिवृत्तात आहे. असो, अण्णांची अडचण खरी आहे.

डिसेंबरला जाणाऱ्यांसाठी: भारतात उतरताना एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच दारू कर न भरता नेता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी नेली की सव्वादोन लिटर होतात आणि कर भरावा लागतो. मागच्या वेळी आपल्यातल्याच एकाची यावरून विमानतळावर दीड तास खोळंबा झाला.

नंदुरबारच्या ताई

आणि मुंबईहून सुरतमार्गे येणारी गाडी पकडू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. आम्ही माहेरी जाताना नेहमी सुरतवरूनच जातो, म्हणून सांगते. वाइन सोबत असेल तर नाशिक-चाळीसगाववरूनच यायचं.

पारोळेकर

ताई, चाळीसगाववरून आलं तर अमळनेरला जायला पुन्हा गाडी बदलावी लागते. सामान आणि लहान मुलं घेऊन ते सोपं नाही.

नंदुरबारच्या ताई

चाळीसगावला उतरा आणि जीप करा. मुलं घेऊन आम्हीही आलो आहोत.

आप्पा (चोपडा)

गाड्यांचं नंतर बघू. जिभाऊ, तळघराचं तुमचं म्हणणं मान्य. मी इकडच्या थंडीच्या हिशोबाने बोललो. पण साध्या फ्रिजला माझा विरोध आहे. आतलं तापमान ४ अंश आणि हवा कोरडी, महिनोन् महिने ठेवलं तर बूच सुकून आकसतं. वर लसणाच्या चटणीचा वास.

जिभाऊ (धुळे)

वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर तुमचं खरं. इथे प्रश्न सात महिन्यांचा आहे. भाजीच्या खणात जरा कमी थंड आणि जास्त दमट असतं. तिथे आडवी, वर्तमानपत्रात गुंडाळून. ३८ अंशांत एक आठवडा काढण्यापेक्षा फ्रिजमधले सात महिने परवडले. स्क्रूच्या झाकणाची असती तर बुचाचा प्रश्नच नव्हता, उभी ठेवली तरी चाललं असतं.

अण्णा, अमळनेर

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री दोन्ही बाटल्या तळघरात उतरवल्या. आज पहाटे पाचला खाली तापमापक नेऊन पाहिला, ३१. जिभाऊंचा अंदाज एकाच अंशाने चुकला.

गळलेली बाटली ठेवण्यात अर्थ नाही असं वाटलं, म्हणून सकाळी माठाच्या पाण्यात ठेवली आणि संध्याकाळी उघडली. बूच हाताने फिरवताच आलं, जोरच लावावा लागला नाही. कडेने वरपर्यंत डाग चढला होता. रंग कडेला विटकरी झालाय. चव शिजवलेल्या मनुकांसारखी, मागे थोडा आंबटपणा. निरोपाच्या रात्री आपण हीच वाइन प्यायलो होतो, तिचा वास यात उरलेला नाही. अर्धा पेला घेतला आणि बाटली बंद केली. फार वाईट वाटलं. लेबल भिजवून सोडवलंय आणि वहीत चिकटवलंय. सह्या शाबूत आहेत.

दुसरी बाटली उद्या सकाळी सहाच्या बसने धाकटा भाऊ जळगावला नेईल. त्याच्याकडे दुसरा फ्रिज आहे, त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या असतात. त्याला भाजीच्या खणाचं सांगितलंय. वाटेत उन्हाचं काय म्हणून अक्कांच्या सांगण्याप्रमाणे ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून देतोय, लेबलला पिशवी लावून.

डिसेंबरला येणाऱ्यांनी काही आणायचंच असेल तर स्क्रूच्या झाकणाची आणा. आणि किती जण येणार तो आकडा चिटणीसांना या महिन्यात कळवा, भरिताची वांगी मळ्यात आधी सांगून ठेवावी लागतात.