विषय: सीट टोचते, गावी सायकल चालवणाऱ्यांनी सांगा

नमस्कार मंडळी,

इथे सायकलचं विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण आपल्यातले बरेच जण हिवाळ्यात गावी सायकल घेऊन जातात म्हणून विचारतोच. यंदा तीन महिने आर्वीला आईजवळ आहे, मेलबर्नहून रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची सायकल, सोबत आणली. रोज पहाटे पुलगावकडे निघतो, दोन्हीकडे कपाशी, रस्ता मोकळा, मन खूश. पण पंचवीसेक किलोमीटर झाले की बुडाची हाडं ठणकतात आणि पुढे तर समोरचा भागच बधिर होऊन राहिला, उतरून पाच मिनिटं चाललं की मग जीव येते. तिकडे हीच सायकल एवढा त्रास देत नव्हती. म्हणून वर्ध्याहून जाडजूड जेलची सीट आणून लावली, हातानं दाबली तर गादीसारखी, अन् त्रास उलटा वाढला. आता कोणी म्हणते कार्बनचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) घे, कोणी म्हणते स्प्रिंगवाला घे. पैसे टाकायला हरकत नाही पण काय घेऊ ते समजून नाही राहिलं.

– आर्वीकर

---

आर्वीकर भाऊ,

मी परतवाड्याचा, राहतो मिनेसोटात, दर डिसेंबरात गावी सायकल काढतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बधिरपणाचं. ते सहन करायची गोष्ट नाही बाप्पा. मांड्यांच्या मधून जी नस जाते ती सीटवर दबली की असं होते, आणि सायकल दोन-चार दिवस बंद ठेवूनही गेलं नाही तर सरळ डॉक्टरला दाखवा, लाजू नका. मऊ जेल नेमकं हेच करते, हाडं खाली रुततात आणि मधलं जेल वर येऊन नाजूक जागी दाबते. बोटानं दाबून सीट घ्यायची नसते, हाडाच्या मापानं घ्यायची असते.

माप घरीच निघते. संत्र्याचा खोका असेलच, त्याचा नालीदार पुठ्ठा कापा, ओट्याच्या फरशीवर ठेवा, बाजेवर नाही. पातळ चड्डीवर त्यावर बसा, पायाखाली एकेक वीट ठेवा म्हणजे गुडघे जरा वर येतात, पुढे वाका आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून स्वतःला खाली ओढा. मग पुठ्ठा उन्हात तिरपा धरून पाहजा, दोन खळगे दिसतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. माझं ११८ मिलीमीटर आलं, त्यात २० ते ३० मिळवायचे, म्हणून मी १४३ मिलीमीटर रुंदीची सीट वापरतो. जास्त वाकून चालवणाऱ्याला थोडी कमी चालते, सरळ बसणाऱ्याला जास्त लागते. सीट कडकच घ्या, मधे आरपार कापलेली, नाक, म्हणजे सीटचं पुढचं टोक, आखूड असेल तर वाकताना अजून बरं.

पण त्याच्याही आधी उंची. पायडल सगळ्यात खाली नेऊन त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे पण कंबर एका बाजूला कलली नाही पाहिजे. तुमची जेलची सीट जाड, म्हणजे तुम्ही न समजता उंच बसले असाल. नाक पाण्याच्या पातळीत, फार तर एक-दोन अंश खाली.

आता तिकडे नव्हतं अन् इथे काऊन होते? आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, वरचं डांबर त्याच्यासोबत वरखाली होते, म्हणून रस्ता दुरून गुळगुळीत दिसतो पण सायकलखाली लाटा असतात. त्यावर पहिला उपाय टायर. २५ मिलीमीटर रुंद टायरात १०० पीएसआय हवा भरत असाल तर तो दगडच आहे. फ्रेममधे बसत असेल तर २८ घ्या. मी ७८ किलोचा, मागे ७५ भरतो, पुढे ७०.

सीटपोस्ट शेवटी. तुमचा २७.२ मिलीमीटर जाडीचा असेल तर तो ३१.६ पेक्षा मुळात जरा लवचिक असतो, कार्बनचा घेतला तर बारीक कंप कमी होते, खड्डा मात्र खड्डाच राहते. स्प्रिंगवाला खड्ड्याला कामाचा, पण जड, आणि रोड बाईकवर मला तरी तो पटला नाही. कार्बन घेतलाच तर ग्रीस लावू नका, कार्बनची दाणेदार पेस्ट मिळते ती लावा आणि टॉर्क पान्यानंच कसा, त्यात किती जोरानं आवळायचं ते ठरवता येते. माझा एका दुकानात साध्या पान्यानं आवळला, कडक असा आवाज आला आणि क्लँपखाली, म्हणजे आवळायच्या पकडीखाली, केसाएवढी चीर. तो पोस्ट मी परत वापरला नाही, वापरूही नये.

– परतवाडेकर

---

दादांनी सगळं सांगितलं, एकच जोडते. बायकांचं हाडाचं अंतर बहुतेक वेळा जास्त असतं, नवऱ्याची सीट बायकोला चालेल असं धरू नका. मला १५५ लागली, आधी चार वर्षं मी स्वतःलाच नाजूक समजत होते. आणि पॅडवाल्या सायकल चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, शिवण घासते, आपल्याकडच्या घामात तर फारच. ब्रूक्स कंपनीची चामड्याची बी१७ सीट सुंदर असते, बुडाच्या आकाराची होते, पण मुरायला वेळ घेते आणि पावसात भिजू द्यायची नाही, तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी नको.

– दारव्हेकर वहिनी, टोरांटो

---

मंडळी,

पुठ्ठ्यावर बसलो, आई आधी पाहत राहिली, मग तिनंच कंपासपेटीतली पट्टी आणून मोजलं. १२४! सायकलसोबत आलेली जुनी सीट उलटून पाहिली, खाली १३० लिहिलेलं. म्हणजे एक अरुंद होती आणि दुसरी गादी होती, दोन्ही चूक. उंचीही दादा म्हणाले तशीच निघाली, जेलवाली लावल्यानं मी जवळपास दोन सेंटिमीटर वर गेलो होतो आणि दर पायडलला कंबर हलत होती.

सध्या जुनी सीट परत लावली, उंची बसवली, टायर २५ चेच आहेत पण हवा ८५ वर आणली. काल पुलगावपर्यंत जाऊन आलो, बधिरपण आलं नाही. हाडं दुखली, पण ती सीट अरुंद आहे म्हणून, ते आता समजते. सीटपोस्ट २७.२ चा अॅल्युमिनियमचा आहे तोच ठेवतो.

विनंती एवढीच, या महिन्यात कोणी नागपूरला उतरत असेल तर १५० च्या आसपासची, मधे कापलेली सीट आणाल का? रेल (सीटखालच्या दोन सळ्या) ७ मिलीमीटर गोल पाहिजे, कार्बनच्या लांबट रेलवाली नको, माझ्या क्लँपमधे बसत नाही. विमानतळावर मी स्वतः घ्यायला येतो, पैसे लगेच पाठवतो.

– आर्वीकर