फ्लॉरेन्सहून एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो: फिरणं की नुसती हजेरी?

घाटवाटा:
टूरवाल्यांच्या इटलीच्या कार्यक्रमात एक ओळ ठरलेली: 'फ्लॉरेन्सहून एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो, पिसा'. माझ्या मते हा पैशांचा चुराडा आहे. सान जिमिन्यानोत एके काळी सत्तरच्या आसपास मनोरे होते. श्रीमंत घराण्यांत चढाओढ, कुणाचा उंच! त्यातले चौदा अजून उभे आहेत. पण भर दुपारी पोचलात तर मनोरे कमी, डोकीच जास्त दिसतात. संध्याकाळी बसगाड्या निघाल्या की गल्ल्या मोकळ्या होतात. फ्लॉरेन्सची एक रात्र कापा आणि डोंगरावरच्या अशा गावात मुक्काम करा.

पेठकर:
कापा म्हणायला काय जातं! उफिझीचं कलादालन, कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट, मायकेलएंजेलोचा डेव्हिडचा पुतळा, यातलं सोडू काय? त्यात बरोबर सत्तरीचे आईबाबा. सिएनाचं स्टेशन खाली, गाव वर. गाडी भाड्याने घ्यावी तर झेडटीएलची, म्हणजे जुन्या गावातल्या वाहनबंदीची भानगड. परवान्याशिवाय जुन्या गावात शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो. मेव्हण्याला दंडाचं पत्र नाशिकला आलं, तेही सहलीचे फोटो बघून झाल्यावर कित्येक महिन्यांनी.

घाटवाटा:
अहो, सिएना स्टेशनसमोरून वर जायला सरकते जिने आहेत. तेही नको असतील तर ओर्विएतो घ्या. रोम-फ्लॉरेन्स मार्गावरच आहे आणि स्टेशनच्या दारातून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी, थेट कड्यावरच्या गावात नेते. १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवे क्लेमेंट इथे आश्रयाला आले. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी विहीर खोदायला लावली. तिला एकमेकांभोवती वळणारे दोन जिने आहेत: एकाने खेचरं उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, वाटेत गाठ पडायचीच नाही. २४८ पायऱ्या आहेत, तेव्हा आईबाबांना कॅथेड्रलसमोर बसवून तुम्ही उतरा.

उंबरठा:
दोघंही पर्यटकाच्याच सोयीचं बोलताय. सगळे मुक्कामाला आले तर घरं कुणाची भाड्याने जाणार? सिविता दि बान्योरेज्यो बघा. ढासळत्या टेकडीवरचं गाव, जायला फक्त पादचारी पूल. २०१३ पासून आत जायला तिकीट आहे आणि कायमचे रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यापेक्षा सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा परवडला.

घाटवाटा:
मग व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या दिवशी शुल्क लावलं ते नेमकं दिवसापुरत्या येणाऱ्यांनाच का? मुक्कामी पाहुण्यांना त्यातून सूट आहे.

उंबरठा:
कारण मुक्कामी पाहुणा पर्यटन कर वेगळा भरतो. कर भरला म्हणून घराचं भाडं उतरत नाही. हॉटेलात राहणार असाल तर माझी हरकत नाही. राहत्या घराचं हॉटेल केलेल्या ठिकाणी राहू नका.

पेठकर:
ओर्विएतोचं पटलं, पण फ्लॉरेन्सला हात लावणार नाही. रोमची रात्र कापतो. आई पक्की शाकाहारी आहे, तिथे काय मिळेल?

घाटवाटा:
उम्ब्रिचेल्ली मागा, मैदा-पाण्याचा जाड पास्ता. अंडं नाही ना, हे तरी विचाराच. वरून पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज किसून देतील, ते नको म्हणा. त्यात बहुतेक वेळा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरलेला जनावराच्या जठरातला पदार्थ असतो.