वारंवार सर्दी होणे म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असणे का?

ओंजळ:
माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. शाळा सुरू झाल्यापासून गेल्या आठ महिन्यांत तिला सहा वेळा सर्दी-खोकला झाला. त्यांपैकी दोनदा ताप आला आणि तो तीन दिवसांत उतरला. एरवी तिचे खाणेपिणे, खेळणे आणि वजन व्यवस्थित आहे. तरीही ‘हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ असे मला सतत ऐकावे लागते आणि प्रत्येक जण ती वाढवण्यासाठी निराळे सिरप किंवा निराळी पावडर सुचवतो. त्यात गेल्या आठवड्यात तिचे केस विंचरताना जबड्याखाली, मानेच्या बाजूला, वाटाण्याएवढी हलणारी गाठ माझ्या हाताला लागली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय, ती एखाद्या तपासणीत मोजता येते का आणि खरोखर वाढवता येते का, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

सूक्ष्मदर्शी:
आधी गाठीबद्दल लिहिते, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येते, हे जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते. घसा बिघडल्यावर मानेत लागणारी गाठ हा त्यातलाच प्रकार आहे. घशातल्या जंतूंचे तुकडे घेऊन काही पेशी जवळच्या लसिकाग्रंथीत येतात. तिथे असंख्य पांढऱ्या पेशींमधून त्या जंतूला नेमकी ओळखणारी पेशी निवडली जाते आणि तिच्या हजारो प्रती तयार होऊ लागतात, म्हणून ग्रंथी फुगते. लहान मुलांच्या मानेत एक सेंटिमीटरपेक्षा लहान, मऊ आणि बोटाखाली सरकणारी गाठ लागणे अगदी नेहमीचे आहे. गाठ कडक असेल, एका जागी घट्ट चिकटलेली असेल, वाढत असेल किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, तर मात्र थांबू नये. एकदा बालरोगतज्ज्ञांच्या हाताखालून ती जाऊ द्या, म्हणजे तुमच्याही मनाला स्वस्थता मिळेल.

आता यंत्रणेविषयी. बोटात लाकडाची कुसळ रुतली की काय होते ते आठवून पाहा. काही मिनिटांतच त्या जागेभोवतीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून कातडी लाल आणि गरम होते. वाहिन्यांतून द्रव पाझरतो, म्हणून बोट सुजते आणि ठणकते. पुढच्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत तिथे पोहोचतात, जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारा पू मुख्यतः या मेलेल्या पेशींचाच असतो. निरोगी प्रौढाची अस्थिमज्जा अशा पेशी रोज सुमारे १० हजार कोटी तयार करते. एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. याच दिशेने केलेल्या कामासाठी त्याला पॉल एर्लिख यांच्यासमवेत १९०८ चे नोबेल मिळाले. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या पाहते, पण तीन-चार पाकळ्यांचे केंद्रक असलेली ही पेशी दिसली की तिच्याविषयी अजूनही माया वाटते.

ही पहिली फळी जंतूंना ढोबळपणे ओळखते. बी आणि टी या पांढऱ्या पेशींची दुसरी फळी नेमकेपणाने ओळखते, पण सावकाश. नव्या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे त्या जंतूला नेमकी चिकटणारी प्रथिने, तयार व्हायला तिला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तिचे मोठेपण आठवण ठेवण्यात आहे. फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि त्यानंतर १८४६ पर्यंत तिथे गोवर फिरकला नाही. दुसऱ्या साथीची पाहणी करणारे डॉक्टर पीटर पॅनम यांना असे आढळले की, बालपणी गोवर होऊन गेलेली वृद्ध माणसे ६५ वर्षांनंतरही त्यातून सुटली.

मग सर्दी पुन्हा पुन्हा का होते? कारण ती एका विषाणूची नसते. सर्दी आणणारे विषाणू २०० हून अधिक आहेत आणि त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १६० च्या आसपास प्रकार आहेत. एका प्रकाराची आठवण दुसऱ्याशी लढताना फारशी उपयोगी पडत नाही. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणे स्वाभाविक मानले जाते. तुमच्या मुलीची यंत्रणा कमजोर नाही, ती यांतल्या बहुतेकांना पहिल्यांदाच भेटते आहे.

राहिला मोजण्याचा प्रश्न. संपूर्ण प्रतिकारशक्ती सांगणारा एकच आकडा अस्तित्वात नाही. पेशींची संख्या किंवा प्रतिपिंडांची पातळी ठरावीक शंका असेल तेव्हाच तपासतात.

पाऊलवाट:
‘वाढवणे’ या शब्दाबद्दल मला मनापासून लिहावेसे वाटते. मला अकरा वर्षांपासून संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटे इतकी आखडलेली असतात की सदऱ्याचे बटण काजात जात नाही. या आजारात प्रतिकारशक्ती कमी नसते. ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते आणि मी घेतो ती औषधे तिला आवर घालणारी आहेत. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होत असताना स्वतःच्या शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच नष्ट केल्या जातात. ज्या निसटतात त्यांना नियामक टी पेशी धाकात ठेवतात. या पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले. म्हणून एखाद्या बाटलीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे छापलेले दिसले की कोणती पेशी, किती आणि कोणाविरुद्ध, हे मी विचारतो. आजवर मला सरळ उत्तर मिळालेले नाही.

ओंजळ:
दोघांचेही आभार. ‘आठवण’ हा मुद्दा मला प्रथमच इतका स्पष्ट झाला. मग मी काहीच करायचे नाही का? सी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल आणि झोपेबद्दलही पुष्कळ ऐकते, त्यात तथ्य किती आहे?

दीपमाळ:
करण्यासारखे आहे, फक्त ते बाटलीत मिळत नाही. ठरावीक आजाराविरुद्धची प्रतिकारशक्ती निश्चितपणे वाढवणारा उपाय म्हणजे लस, कारण ती आजार न होता आठवण देते. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या सौम्य आजाराच्या, फोडातील द्रव वापरून जे सुरू केले, त्याची परिणती १९८० मध्ये जगातून देवीचे उच्चाटन झाल्याच्या घोषणेत झाली. गोवराची लस तर दुहेरी मोलाची आहे. गोवराचा विषाणू आठवण सांभाळणाऱ्या पेशींनाच मारतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या ७७ मुलांनी गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गमावल्याचे दिसले. मुलीची लसीकरणाची नोंदवही आजच काढून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

झोपेबाबत तुम्ही ऐकले ते खरे आहे. २०१५ च्या एका अभ्यासात १६४ निरोगी प्रौढांची झोप आठवडाभर मनगटावरील यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीहून जास्त निघाली. तुमच्या मुलीच्या वयाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप हवी. सी जीवनसत्त्व नियमित घेतल्याने सर्दी होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांत घटत नाही. तिचे दिवस प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी होतात, तर सर्दी झाल्यावर घेतल्याने खात्रीचा लाभ दिसलेला नाही. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते मात्र तातडीने थांबवावे, कारण श्वासमार्गातला कफ बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांना धूर निकामी करतो. आणि विषाणूंच्या सर्दीवर प्रतिजैविके चालत नाहीत, ती मागून घेऊ नयेत.

काळजी सर्द्यांच्या संख्येपेक्षा आजाराच्या स्वरूपावरून करायची असते. वर्षात दोनदा न्यूमोनिया होणे, खोलवर वारंवार गळवे होणे, शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागणे, वजन न वाढणे किंवा जवळच्या नात्यात प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असणे, यांपैकी काही असते तर मी तपासण्यांचा आग्रह धरला असता. तुमच्या लिहिण्यात यातले काहीच नाही.

ओंजळ:
काल बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी गाठ दोन बोटांत धरून पाहिली. ती आठ मिलिमीटरची आणि मऊ आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले आहे, रक्ततपासणी सांगितलेली नाही. नोंदवही काढल्यावर मात्र गोवराच्या लशीचा दुसरा डोस राहून गेल्याचे लक्षात आले. शुक्रवारी तो द्यायचा आहे.