मदत हवी आहे: स्लाइड स्कॅनरसाठी कोणतं ऑटोफोकस घेऊ?

धानोरा_लॅब: मलेरियाच्या स्लाइड मायक्रोस्कोपवर आपोआप स्कॅन करायच्या आहेत. मोटर, कॅमेरा, कोड सगळं चालते, पण दर चार-पाच फील्डनंतर (फील्ड म्हणजे एका वेळी दिसणारा स्लाइडचा भाग) फोटो धूसर येतो. लेझरवालं ऑटोफोकस घेऊ का? सोमवारी स्लाइड येणार, लवकर सांगा.

गोंदियाकर: भाऊ, ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) कोणतं? मोटर कोणती? फोकस मोजता कशानं? काहून नाही लिहिलं?

धानोरा_लॅब: १००एक्स तेलाचं, एनए (भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता) १.२५. बारीक फोकसच्या नॉबला २८बीवायजे-४८ ही छोटी गिअरवाली स्टेपर मोटर. फोकस मोजतो लाप्लासियन व्हेरियन्सनं, म्हणजे फोटोतल्या कडा जितक्या तीक्ष्ण तितका मोठा आकडा.

वर्धा_भिंग: लेझर नका घेऊ. ते काचेवरून परतणाऱ्या किरणावर चालते. तेल आणि काच दोघांचाही अपवर्तनांक १.५२ च्या जवळ, म्हणून किरण परततच नाही म्हणा ना. तुमची फोकसची खोली जेमतेम अर्धा मायक्रॉन. नॉबचा एक फेरा २०० मायक्रॉनचा असेल तर २०४८ स्टेपमध्ये एक स्टेप ०.१ मायक्रॉन, म्हणजे मोटर पुरेशी बारीक आहे. दोष गिअरच्या प्लेमध्ये, म्हणजे दात्यांमधल्या मोकळ्या जागेत. दिशा उलटली की काही स्टेप फुकट जातात. शिखर, म्हणजे आकडा सर्वात मोठा येतो ती जागा, सापडलं की ५० स्टेप मागे जा आणि नेहमी एकाच बाजूनं शिखरावर या.

यवतमाळ_मेकर: त्यापेक्षा नेमा-१७ मोटर (बिनगिअरची, मोठी) आणि बेल्ट लावा, प्लेच राहत नाही.

वर्धा_भिंग: बेल्ट सैल पडला की तोच त्रास. आधी कपलिंग (मोटरचा शाफ्ट नॉबला जोडणारा तुकडा) तपासा. शाफ्ट आणि कपलिंगवर मार्करनं एक सरळ रेघ ओढा, वीसदा खाली-वर करा. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू घसरतोय.

सिरोंचा_टेक: जिएम्सा रंगाचं पाणी ७.२ पीएचचं ठेवा, नाहीतर परजीवी नीट रंगत नाहीत.

गोंदियाकर: रंगाचं कोणी विचारलं नाही हो. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर बंद आहे का? ते चालू असलं तर दर फ्रेमला उजेड बदलते आणि व्हेरियन्सचा आकडाही. रिकाम्या फील्डमध्ये तर शिखरच येत नाही, मग कोड धुळीच्या कणावर फोकस धरते. स्लाइडच्या तीन ठिकाणी फोकस घ्या, त्यातून प्रतल काढा, पुढं प्रतलाच्या खाली-वर ३ मायक्रॉनच शोधा. रक्ताचा जाड थेंब असेल तर एक फोटो पुरत नाही, वेगवेगळ्या उंचीवर थराथरानं फोटो घ्या. आणि स्कॅन होईस्तोवर कूलर बंद, त्याच्या थरथरीनं फोटो हलतो.

धानोरा_लॅब: एक्सपोजर ऑटोवरच होतं, बंद केलं. रेघ सरळ आहे. आता फक्त उजव्या कडेचे फील्ड धूसर येतात.

वर्धा_भिंग: उजव्या क्लिपखाली वाळलेलं तेल आहे का पाहा. स्लाइड तिरपी बसत असणार.

धानोरा_लॅब: आहे. पुसतो.