कोजागिरीचं दूध: चोवीस लिटर, एक शेगडी आणि आपली गच्ची

ए-१०२ पाटीलदादा (सेक्रेटरी):
शनिवारी कोजागिरी आहे. आत्तापर्यंत ११८ नावं आली, त्यात मोठे ८६ आणि मुलं ३२. दूध तयार आणायचं की गच्चीवर आटवायचं, ते आज रात्रीपर्यंत ठरवू या. दूधवाल्याला गुरुवारी सकाळी आकडा सांगायचा आहे. कोजागिरीला ऐनवेळी जास्तीचं दूध मिळत नाही.

सी-४०१ नितीन:
तयार मसाला दूध मागवलं तर? कॅनमध्ये येतं, फक्त ग्लासात ओतायचं.

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
गच्चीवरच आटवू या. दाटपणा दुधाची पावडर घालूनही आणता येतो. पण मंद आचेवर तासभर उकळलेल्या दुधाला जो किंचित खरपूस गोडवा येतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही. आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पातेल्याभोवती सगळे उभे आहेत, वेलचीचा वास सुटलाय, हेच तर कोजागिरीचं सुख आहे.

हिशेब असा. मोठ्यांना १५० मिली, मुलांना १०० मिली धरलं तर १६ लिटर होतं. चांगलं झालं की लोक पुन्हा मागतातच, म्हणून तयार दूध २० लिटर हवं. त्यासाठी फुल क्रीम दूध २४ लिटर. आटून १९ लिटर राहील आणि साखर विरघळली की लिटरभर वाढेल. टोन्ड घेऊ नका. त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. टोन्ड कितीही आटवलं तरी जिभेवर पातळच लागतं.

ए-२०३ स्वाती:
काकू, मसाल्याचं प्रमाण पण टाका ना. तयार मसाल्याची पाकिटं आणायची की घरी करायचा?

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
घरीच करू. २४ लिटरला बदाम ५०० ग्रॅम, पिस्ते २५० (बिनमिठाचे बघून घ्या, सालासकट खारे येतात ते नकोत), काजू २५०, चारोळी १००, वेलची ४० ग्रॅम, जायफळ दीड, केशर २ ग्रॅम. साखर १ किलो ८०० ग्रॅम.

बदाम-काजू-पिस्ते आधी मंद आचेवर कढईत नुसते कोमट करायचे, रंग बदलू द्यायचा नाही. पावसाळ्यात सुकामेव्यात ओल धरलेली असते. ती गेली नाही तर मिक्सरमध्ये गोळा होतो. पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, तेही थांबत थांबत, एका वेळी तीन-चार सेकंदच. मिक्सर सलग फिरवला की बदामाला तेल सुटतं. मग तो लगदा दुधात मिसळत नाही, वर तेलाचे थेंब तरंगतात. अर्धे दळायचे, अर्ध्यांचे काप करायचे. वेलची मात्र सालासकट, दोन चमचे साखर घालून वेगळी दळायची आणि चाळून घ्यायची. साखरेमुळे ती बारीक होते.

सी-४०१ नितीन:
दूध पटकन दाट व्हायला कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लोअर घातलं तर? वेळ बराच वाचेल.

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
नको नितीन. गरम असताना ठीक लागतं, पण चांदण्यात ठेवून कोमट झालं की खळीसारखं होतं आणि घशात चिकटतं. दाटपणा हवाच असेल तर काजूतले १०० ग्रॅम कोमट दुधात अर्धा तास भिजवून वाटायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत, दळलेल्या सुकामेव्याबरोबरच घालायचे.

सी-१०३ शिंदेकाका:
आटवायचं काम माझ्याकडे द्या. तयारी नीट असली तर २४ लिटरचं काही अवघड नाही.

पातेलं निदान ४० लिटरचं हवं आणि पसरट हवं. उभट पातेल्यात दूध आटायला फार वेळ लागतो. ४५ सेंमी व्यासाच्या पातेल्यात २४ लिटर दूध १५ सेंमी उंच येतं. उलथण्याच्या दांड्यावर खूण करून ठेवायची, १२ सेंमीवर आलं की झालं. अंदाजाने "आटलं वाटतं" म्हणून उतरवलं की हमखास पातळ राहतं.

भांडीवाल्याकडून पितळी पातेलं घेणार असाल तर आतून कल्हई नीट आहे का ते बघा. कल्हई गेलेल्या पितळेत दूध नको. आणि पितळ चिंचेने घासतात. ती आंबट कड काठाच्या दुमडीत राहते आणि दूध नासतं. स्टीलचं जाड बुडाचं मिळालं तर तेच घ्या.

दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने विसळायचं आणि पुसायचं नाही. तळाला पाण्याचा पापुद्रा राहिला की दूध लवकर धरत नाही. ढवळायला डाव नको, सपाट टोकाचं लांब उलथणं हवं. डाव नुसतं दूध फिरवतो, तळ खरवडत नाही. पहिल्या उकळीपर्यंत आच मोठी, साधारण ४० मिनिटं. त्यानंतर मध्यम, बुडबुडे मधोमध येत राहतील इतपतच. मग सव्वा तास. दर मिनिटा-दोन मिनिटांनी तळ फिरवायचा आणि कडेची साय सोडवून आत ढकलायची. ती साय दुधात विरली की खरी चव येते. दोघांनी पाळीपाळीने उभं राहायचं, एकट्याचं काम नाही.

ए-२०३ स्वाती:
आणि खाली लागलं तर काका?

सी-१०३ शिंदेकाका:
लागल्याचा वास आला की त्या क्षणी ढवळणं बंद! खरवडलं तर करपलेला थर सगळ्या दुधात जातो, मग वेलचीने तो वास झाकत नाही. गॅस बंद करून वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढायचं. तळाचं दोन लिटर सोडून द्यायचं. म्हणून २५ लिटरचं रिकामं, धुतलेलं दुसरं पातेलं शेजारी असलंच पाहिजे.

पाटीलदादा, सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक घ्या, घरचा लाल नको. घरगुती सिलिंडर सामुदायिक कामाला वापरायचा नसतो. गॅस दोन किलोच्या आतच जळेल, पण वाऱ्याने जास्त जातो. शेगडीच्या तीन बाजूंनी पत्रा लावू, नळी चौथ्या बाजूने मागे. मुलांसाठी चार फुटांवर खुर्च्यांची रांग लावून आडोसा करा.

बी-५०२ देशमुख:
दूध सकाळी साडेसहाला येणार आणि चूल संध्याकाळी सहाला पेटणार. ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर राहिलं तर नासेल.

ए-१०२ पाटीलदादा (सेक्रेटरी):
बरोबर. लिटरच्या २४ पिशव्या येतील. सहा घरांनी चार-चार पिशव्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. कोणाच्या फ्रिजमध्ये जागा आहे ते कळवा.

ए-२०३ स्वाती: चार माझ्याकडे.

सी-३०२ मीनावहिनी: माझ्याकडे आठ राहतील.

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
आणखी एक. पिशव्या सरळ मोठ्या पातेल्यात फोडू नका. प्रत्येक घरच्या चारांतलं अर्धी वाटी दूध छोट्या भांड्यात उकळून बघा. नासणारं असेल तर ते अर्ध्या वाटीतच कळेल, नाहीतर एका पिशवीपायी चोवीस लिटर जाईल.

सी-३०२ मीनावहिनी:
साखरेऐवजी गूळ घालू या का? बरेच जण हल्ली साखर टाळतात.

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटतं. गुळात थोडी आम्लता असते. घालायचाच तर गॅस बंद करून, दूध कोमट झाल्यावर, तोही किसून. एवढ्या मोठ्या प्रमाणात तो धोका नको.

त्यापेक्षा असं करू. दूध आटलं की साखर आणि मसाला घालण्याआधी चार लिटर बाजूला काढू. त्यातलं दोन लिटर बिनसाखरेचं, नुसता मसाला घालून. दुसरं दोन लिटर साखर-वेलचीचं, पण सुकामेवा अजिबात नाही, ज्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे त्या मुलांसाठी. त्याला डावही वेगळा आणि किटलीही वेगळी. मधुमेहींनी लक्षात ठेवा, बिनसाखरेच्या दुधातही दुधाची स्वतःची साखर असते आणि आटल्यावर ती दाट होते. अर्धा ग्लास पुरे.

चार लिटर वेगळं काढलं की मोठ्या पातेल्यात साखर १ किलो ४५० ग्रॅम, बाकीच्यातली साधारण १५० ग्रॅम मुलांच्या दुधाला. उरलेली हाताशी ठेवा. गरम दूध जास्त गोड लागतं, कोमट झालं की तेच कमी गोड वाटतं. म्हणून दोन चमचे दूध वाटीत गार करून मगच चव बघा.

क्रम: आधी साखर, पाच मिनिटांनी दळलेला सुकामेवा, दहा मिनिटं उकळी, गॅस बंद, मग केशर, वेलची, जायफळ. सुकामेवा आधी घातला तर तळाशी बसून लागतो. वेलची उकळली तर वास वाफेबरोबर जातो. केशर अर्धा तास आधी वाटीभर गरम दुधात भिजवून चमच्याने चेपायचं. रंगासाठी हळद नको, मंद पिवळसर रंगच छान दिसतो.

ए-४०४ सावंतकाका:
मी गच्चीचं बघतो. पाऊस आत्ताच सरलाय, उत्तरेच्या कोपऱ्यात शेवाळ आहे. गुरुवारी ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाकू, अर्ध्या तासाने तारेच्या ब्रशने घासू, मग भरपूर पाणी. त्यावर फरशी धुण्याचं ॲसिड कोणीही ओतू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोसायटीच्या बारा सतरंज्या स्टोअरमध्ये जूनपासून पडून आहेत, वास येतोय. उद्या सकाळी नऊला काढून कठड्यावर टाकू. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, दुपारी उलटायच्या, संध्याकाळी काठीने झोडपून आत. रात्री बाहेर ठेवल्या तर दवाने पुन्हा ओल्या होतात. ऑक्टोबरचं ऊन त्रासाचं खरं, पण सतरंज्या, गोधड्या, उशा वाळवायला याच्यासारखं दुसरं नाही. घरोघरच्या गोधड्याही आणा, दोऱ्या बांधून ठेवतो. शनिवारी सतरंज्यांखाली ताडपत्री टाकायची, दहानंतर दव पडतं.

बी-५०२ देशमुख:
पातेलं चांदण्यात कुठे ठेवायचं? टाकीजवळ की जिन्याजवळ?

ए-४०४ सावंतकाका:
टाकीपासून लांब, पूर्वेच्या कठड्याजवळ. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला पूर्वेला उगवतो. नऊ वाजता तो अजून पूर्वेकडेच असतो, म्हणून टाकीची सावली पश्चिमेला पडते. टाकी दहा फूट उंच आहे, सावली बारा फुटांच्या आसपास येईल. शेगडी टाकीच्या पश्चिमेला, सावलीत चालेल. दूध मात्र उघड्यावर हवं.

सी-१०३ शिंदेकाका:
वर मलमल बांधायची, घट्ट ताणून. पावसाळा सरता सरता दिव्याभोवती किडे फार येतात. हॅलोजन बंदच ठेवा, जिन्यातला एक पिवळा दिवा पुरे. तसंही चांदणं दिसायचं असेल तर दिवे हवेत कशाला.

सी-२०१ वानखेडेताई:
खाण्याचं काय? भेळ ठरवली तर १२० जणांना कुरमुरे साडेचार किलो लागतील. हवा दमट असेल तर ते सादळतात. संध्याकाळी चारला कढईत गरम करून डब्यात घट्ट झाकून ठेवायचे. भेळ आधी साडेसातला, दूध नंतर. चिंचेच्या चटणीवर लगेच दूध अनेकांना सोसत नाही, मध्ये तास-दीड तास जाऊ द्या.

आणि आमच्या विदर्भातल्या मुलींना विचारा. भुलाबाईची सांगता कोजागिरीलाच असते. गाणी म्हणायची, डब्यातली खिरापत ओळखायची. साडेआठ ते नऊ त्यांना द्या, दूध निवायला तेवढा वेळ लागतोच.

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
हो ना ताई, नक्की. पहिल्या अपत्याला ओवाळण्याचा कार्यक्रमही तेव्हाच करू. ताम्हन आणि निरांजन मी आणते, ज्यांना ओवाळायचंय त्यांनी सुपारी आणि अक्षता आणाव्यात.

ए-४०४ सावंतकाका:
आमच्याकडे कोकणात हीच नव्याची पौर्णिमा. भाताच्या लोंब्या गावाहून येतायत. आंब्याची पानं आणि झेंडू मिळाला तर गच्चीच्या दारालाही नवं बांधू.

सी-४०१ नितीन:
मग तयार दूध रद्द. ग्लास कागदी आणू?

सी-३०२ मीनावहिनी:
प्रत्येकाने घरून स्टीलचा ग्लास आणला तर कचराच होणार नाही. कुल्हड सुचवणार होते, पण ते दोन तास पाण्यात भिजवावे लागतात. कोरडे वापरले तर दूध पितात आणि मातकट चव येते. १२० कुल्हड भिजवायचे कुठे?

ए-१०२ पाटीलदादा (सेक्रेटरी):
स्टीलचे ग्लास ठरले. उरलेल्या दुधाचं काय करायचं?

बी-३०४ कुलकर्णीकाकू:
निवल्यावर दोन तासांच्या आत वाटून घरोघरच्या फ्रिजमध्ये. रात्रभर गच्चीवर ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून त्यात तुपावर परतलेल्या शेवया घातल्या की खीर तयार. नाहीतर आणखी आटवून साच्यात घाला, कुल्फी होते, मुलांना सोमवारी शाळेतून आल्यावर.

ए-१०२ पाटीलदादा (सेक्रेटरी):
ठरलं तर. दूध २४ लिटर फुल क्रीम. शेगडी ५.४५ ला वर, ६ ला पेटवायची, ८ वाजेपर्यंत दूध आटलेलं हवं. शिंदेकाकांबरोबर ढवळायला चार जण लागतील, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने. सुती कपडे घाला, ओढणी-पदर खोचून. नावं द्या.

सी-४०१ नितीन: सहा ते साडेसहा मी.

बी-५०२ देशमुख: साडेसहा ते सात मी.

ए-२०३ स्वाती: सात ते साडेसात मी. बदाम-पिस्त्यांचे काप शुक्रवारी रात्री माझ्याकडे करू या, अडकित्ता नाही तर धारदार सुरी घेऊन या.

सी-१०३ शिंदेकाका: शेवटची पाळी मीनावहिनींना द्या, साखर घालायच्या वेळी हात हलका लागतो. उलथणं माझ्याकडे आहे, दांडा अडीच फुटी. खूण करायला आत्ताच बसतो.